रुमालाखालचा सौदा

हळद शिजायला लागली की मला राग येतो. हसण्यासारखंच आहे, पण येतो. माघ सरत आला की आमच्या भागात शेताशेतातून वाफा निघतात. उकडलेल्या कंदांचा तो गोडसर, मातकट, उग्र वास रस्त्यावर येतो, कुरुंद्याकडं जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून आत शिरतो, आणि शेजारचा माणूस छाती भरून श्वास घेत म्हणतो, "यंदा माल चांगला दिसून राहिला." मी मान हलवतो आणि खिडकी लावून घेतो.

आता कढया मोडीत निघाल्या. ट्रॅक्टरमागं जोडलेला बॉयलर येतो, नळीतून वाफ सोडतो आणि दिवसभराचं काम तासाभरात उरकून पुढच्या शेतात जातो. मी सांगतोय तो हंगाम हिंगोली जिल्हा व्हायच्या आदल्या सालचा. तेव्हा लोखंडी कढई, खाली चुलाण, वर हळदीचाच पाला आणि त्यावर भिजवलेली पोती. सकाळपासून धुरात उभं राहून डोळे लाल व्हायचे. चार वाजले की हात-तोंड धुऊन आम्ही माळावर पळायचो. बोटं मात्र कितीही घासा, पिवळी ती पिवळीच. टेनिसचा नवा बॉलसुद्धा चार दिवसांत हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसायचा.

मी हिंगोलीत एका शाळेवर खेळाचा मास्तर आहे. मागं एकदा शिक्षकांच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि त्यावर खेळाडूंचा लिलाव लागला होता. आमचे मराठीचे सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "काय हो हे, माणसं अशी विकायला काढायची म्हणजे!" मी म्हणालो, "सर, निदान सगळ्यांसमोर तरी काढतात." त्यांना वाटलं मी लिलावाच्या बाजूचा आहे. ते बराच वेळ माझ्याशी वाद घालत राहिले आणि मी घालू दिला.

आमचं घर धनगराचं. कुरुंद्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावाच्या कडेला, ओढ्याच्या वर, आमच्या मेंढरांचा वाडा. थोडी शेती होती, पण बाबांचा जीव मेंढरांत. लहानपणापासून मी त्यांच्यामागं हिंडलो. उजव्या हातात काठी असायची, म्हणून रानात फुटलेल्या मेंढराला वळवायला दगड मारायचा तो डाव्या हातानं. मेंढराला लागला नाही पाहिजे आणि त्याच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर पडला पाहिजे. लागला तर बाबांची काठी माझ्या पाठीत. असा मी डावखुरा बॉलर झालो. पुढं शिकवताना मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण बॅटवाल्याच्या पायात बॉल टाकायची विद्या मला मेंढरांनी शिकवली, हे मी अजून शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.

सुधाकर आमच्या टीमचा कॅप्टन. माझा पहिलीपासूनचा दोस्त. एका पाटावर बसलो, एका सायकलवर डबलशीट बसून कुरुंद्याच्या शाळेत गेलो. त्याचे वडील बैलबाजारात दलाल होते, त्यामुळं बोलण्यात तो लहानपणापासून तरबेज. मला मात्र चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटायचा. आमची वाटणीच ठरलेली होती, त्यानं बोलायचं आणि मी बॉल टाकायचा. त्यात मला कधी काही कमी वाटलं नाही.

आमच्याकडच्या स्पर्धा आठ ओव्हरच्या. एका बॉलरला दोनच ओव्हर मिळायच्या, म्हणजे चार बॉलर लागायचेच. पहिली ओव्हर सुधाकरची. शेवटची माझी. समोरच्या टीमला शेवटच्या ओव्हरीत पाच-सहा पाहिजे असले की माळावरची माणसं ओरडायला लागायची, "डावखुऱ्याला आणा, डावखुऱ्याला!" लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री करणारा माणूसही तेच म्हणायचा. मी बॉल हातात घेऊन सुधाकरकडं बघायचो. तो हसायचा. त्या हसण्यात काही खोट आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. इतका कसा मी बावळट, असं आता स्वतःला विचारतो.

आणखी एक रीत होती. प्रत्येक टीमला बाहेरगावचे दोन खेळाडू चालायचे. म्हणून गावागावांत हंगामापुरती अदलाबदल व्हायची. सावडीवर बैल नेतात ना, तुझा एक माझा एक, पेरणी झाली की आपापल्या दावणीला, तसंच. आमचा कीपर एका साली असाच शेजारच्या गावाला खेळून आला होता. पण त्याला आधी विचारलं होतं. त्याच्या घरी जाऊन, चहा पिऊन विचारलं होतं.

आता तो बाजाराचा दिवस. बैलांच्या बाजारात सौदा कसा होतो हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून बोली लावतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. तोंडानं दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात आणि खाली सगळं ठरून गेलेलं असतं. एकदा रुमाल निघाला की शब्द बदलायचा नाही. बदलला तर त्या माणसाला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही.

मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. सुधाकर आणि प्रल्हाद निंबाच्या झाडाखाली उभे होते. प्रल्हाद म्हणजे डोंगरकड्याकडच्या एका तांड्याचा कॅप्टन. त्याच्या आज्याचा जन्म बैल हाकण्यात गेलेला, त्यामुळं बाजार त्यालाही नवा नव्हता. दोघांनी हातात हात घेतला होता आणि वर सुधाकरचा लाल रुमाल होता. भोवती आमची पाच-सहा पोरं दात काढत उभी. मला वाटलं, सुधाकर बापाची नक्कल करून राहिला. मी बशी हातात धरून तिथूनच ओरडलो, "अरे, कोनचा बैल इकून राहिला रे?"

सुधाकर म्हणाला, "हाय एक. डाव्या अंगाला जुंपायचा."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. चहा सांडला इतका हसलो. दहा-अकरा वर्षं झाली, पण ते माझं हसणं मला अजून ऐकू येतं आणि कानशिलं तापतात. बाकी सगळं एक वेळ विसरेन, ते हसणं विसरता येत नाही.

त्या संध्याकाळी पारावर सुधाकरनं स्पर्धेची यादी वाचली. अकरा नावं झाली. त्यात तांड्यातल्या बन्सीचं नाव होतं, माझं नव्हतं.

"माजं नाव ऱ्हायलं," मी म्हणालो.

"तू यंदा तांड्याकून खेळायचं. बन्सी आपल्याकं, तू त्यांच्याकं. होळीपतूर."

"आन् मला इचारलं काहून न्हाई?"

"इचारलं आसतं तर हो म्हनला आसता का?"

"न्हाई."

"मंग?" तो म्हणाला आणि यादीची घडी करून खिशात घातली.

बाकीचे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले होते. सगळ्यांना दुपारपासून माहीत होतं. मला बोलायचं होतं, पण बोलायचं काम आमच्यात त्याचं होतं ना. मी घरी आलो, सायकल भिंतीला टेकवली आणि वाड्यात मेंढरांत जाऊन बसलो.

राग बाजूला ठेवून, मास्तराच्या डोक्यानं मी या सौद्याकडं पुष्कळदा पाहिलंय. खरं सांगायचं तर कागदावर सौदा चोख होता. आदल्या साली आम्ही हरलो ते मधल्या ओव्हरींत. आमचे चारही बॉलर जोरात टाकणारे. टेनिसचा बॉल जोरात आला की नुसती बॅट लावली तरी सीमेपार. बन्सी हळू टाकायचा, पण बोटांनी असा काही फिरवायचा की भले भले तोंडावर पडायचे. मधल्या ओव्हरींना तसाच माणूस पाहिजे होता. सुधाकरच्या जागी मी असतो तर मीही बन्सी आणला असता. पण त्याच्या बदल्यात दिलं कुणाला? आणखी दोघं होते की. त्यातला एक दिला असता तर टीमला खरचटलंही नसतं.

शेवटच्या ओव्हरीचा माणूस काढला की एक ओव्हर रिकामी होते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बाजेची एक दोरी ढिली करा, अख्खी बाज झोळ खाते. तिसरी ओव्हर टाकणारा सहावी टाकायला येतो, त्याचा हात तिथं बसत नाही. सहावीवाला सातवीला थरथरतो. आणि आठवी कुणी टाकायची? ती सुधाकरनं स्वतःकडं घेतली. हे मला पहिल्याच सामन्याला कळलं. तांड्याची मॅच नंतर होती म्हणून मी सीमेबाहेर सायकलवर बसून बघत होतो. शेवटची ओव्हर आली. कुणी डावखुऱ्याला हाका मारल्या नाहीत, कारण डावखुरा नव्हताच. सुधाकरनं बॉल शर्टाला पुसला, आणि कॉमेंट्रीवाल्यानं त्याचं नाव घेतलं तेव्हा तो जसा हसला, ते हसू मला नवीन होतं. त्यात काही खोट नव्हती. अरे देवा, म्हणजे एवढ्यासाठी! मागितली असती तर मी ती ओव्हर देऊन टाकली असती. शपथेवर सांगतो. दोस्त होता माझा.

ती मॅच ते जिंकले. पुढच्याही जिंकले. बन्सी विकेट काढत राहिला आणि शेवटच्या ओव्हरीपर्यंत काही उरायचंच नाही. गावातली माणसं मला रस्त्यात थांबवून सांगायची, "सुधाकरनं सौदा भारी केला बघ." माझ्या तोंडावर! मी म्हणायचो, "व्हय, भारी केला."

तांड्यानं मात्र मला परकं वाटू दिलं नाही. रोज सकाळी बाबांबरोबर हळदीचं काम आटोपून मी सायकल हाणत जायचो. प्रल्हादची आई, तिला तिथं सगळे याडी म्हणायचे, मला आधी जेवायला बसवायची. ज्वारीची गरम भाकरी आणि असा ठेचा, की नाकातून पाणी. मी हाशहुश करत खायचो आणि ती म्हणायची, "खा लेकरा. तुज्या गावानं तुला उपाशी ठिवलं का काय?" ती मजेत म्हणायची. मी आणखी ठेचा मागायचो. पोरं मला भिया म्हणायची, म्हणजे भाऊ. मी त्यांना तीन मॅच जिंकून दिल्या. पण खरं सांगू? प्रत्येक विकेट पडली की माझी मान आपोआप आमच्या गावची पोरं बसलीत का ते बघायला वळायची.

मग फायनल. जिंकणाऱ्या गावाला चांदीच्या रंगाची ढाल मिळायची. आमचं गाव आणि तांडा. मला रात्रभर झोप नव्हती. एकच गोष्ट मला पाहिजे होती. शेवटची ओव्हर, माझ्या हातात बॉल, समोर सुधाकर. जिंकणं-हरणं गेलं चुलीत. त्याला एकदा कळलं पाहिजे, त्यानं काय देऊन टाकलं ते.

तांड्यानं आधी बॅटिंग केली. बन्सीनं आपल्याच भावकीतले तिघं बाद केले. सातव्या ओव्हरीअखेर तांड्याच्या एकोणपन्नास रन होत्या. आठवी टाकायला सुधाकर आला आणि प्रल्हादनं त्याला धुतलं. बावीस रन एका ओव्हरीत. एकाहत्तर. ज्या ओव्हरीसाठी एवढं केलं, तीच उलटली. मी सीमेवर टाळ्या वाजवत होतो. कोत्या मनाचा म्हणा, पण वाजवत होतो.

आमची बॉलिंग सुरू झाली. पहिल्या ओव्हरीला मी हात पुढं केला. प्रल्हाद म्हणाला, "थांब." चौथ्या ओव्हरीला पुन्हा गेलो. "थांब." सातवी संपली तेव्हा गावाला नऊ रन पाहिजे होत्या आणि समोर सुधाकर उभा होता. माळावरनं जुनीच आरोळी उठली, "डावखुऱ्याला आणा!" मी पळत प्रल्हादकडं गेलो. "दे आता."

त्यानं बॉल पाठीमागं धरला. माझ्याकडं बघवेना त्याला.

"देता येत न्हाई, भिया."

"काहून?"

"रुमालाखाली बोललो मी त्याला. गावासंग मॅच पडली तर तुला बालिंग द्यायची न्हाई. मी दोघं मागितले व्हते बन्सीच्या बदल्यात. त्यानं एक बोट दाबलं आन् कानात हे सांगितलं. मी हो म्हनलो."

"ढाल चालली ना आपली, प्रल्हाद!"

"जाऊ दे. रुमालातला शब्द हाय. मोडला तर आज्या मला घरात घ्यायचा न्हाई."

मी तिथंच उभा. म्हणजे माझी किंमत सुधाकरला पैशा-पैशापर्यंत ठाऊक होती. मी नकोसा होतो म्हणून त्यानं मला दिलं नव्हतं. मी काय करू शकतो हे ओळखून, माझा हात बांधून, मग दिलं होतं. कुणाला आपली पारख नसली तर माणूस समजून घेतो. ज्याला पारख आहे त्यानंच असं केलं तर काय समजून घ्यायचं? प्रल्हादचा राग करता येईना. तो शब्दाला जागत होता. मी मान खाली घालून सीमेवर गेलो.

शेवटची ओव्हर प्रल्हादनं स्वतः टाकली. पाच बॉलात सहा रन गेल्या. एक बॉल, तीन रन. सुधाकरनं डोळे मिटून घुमवला आणि बॉल उंच, अगदी उंच, माझ्याच बाजूला आला. खाली यायला त्यानं किती वेळ लावला! तेवढ्या वेळात मला सायकलवरचं डबलशीट आठवलं, पार आठवला. सोडावा असं एकदाही मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं. पण हात वर गेलेच होते. बॉल हातात बसला. मला तो पाहिजे होता, हेही खरं.

तांड्याच्या पोरांनी मला उचललं, गुलाल टाकला. त्या गर्दीतून वाट काढत सुधाकर आला. मला वाटलं हात मिळवायला आला. तो म्हणाला, "गावाचा आसून गावाच्या मुळावर उठला तू."

गावाचा! हा शब्द त्याला तेव्हा सुचला. मी काय काय बोलायला पाहिजे होतं! आता हळदीचा बॉयलर तोच चालवतो. मागच्या रविवारी गावी गेलो तेव्हा त्या बॉयलरपाशी आमची गाठ पडली. वाफेच्या काट्याकडं बघत तो म्हणाला, "अजून मनात धरून बसला का रे? खेळ व्हता तो." मी म्हणालो, "खेळ व्हता तर रुमाल कशाला टाकला?" इतक्या वर्षांनी तेवढंच बोललो. त्यानं पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. त्या दिवशी फायनलनंतर मात्र मी नुसती सायकल उचलली आणि घरची वाट धरली. शाळेत मी आजपर्यंत एकाही पोराला त्याला आधी विचारल्याशिवाय टीममधून काढलेलं नाही, हलवलेलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, तुम्ही फार वेळ लावता. लावतो.

फायनलच्या त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. बाबा मेंढरं कोंडून दारात बसले होते. क्रिकेटातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि यंदा मी तांड्याकडून खेळतो हे मी घरी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यावरचा गुलाल बघून ते उठलेच. "जितलं म्हन की! आपुन जितलो!" मी काही सांगायच्या आत त्यांनी खुंटीवरचा पटका काढला, डोक्याला गुंडाळला, आणि गावात पेढे वाटत असतील, पोराच्या बापानं जायला पाहिजे, असं स्वतःशीच म्हणत ते पाराकडं निघाले. मी "बाबा, थांबा" म्हणायला पाहिजे होतं. त्यांची चाल बघितली आणि मी दारातच थांबलो.

ते लवकरच परत आले. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "गुलाल धू आधी. मंग भाकर खा."

पारावर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी आमच्या कीपरनं सांगितलं. बाबा तिथं गेले आणि हसत म्हणाले, "आमच्या लेकरानं जितवलं म्हनं." सुधाकर म्हणाला, "तुमच्या लेकरानंच बुडवलं, काका. त्याच्यानं गाव हरलं. तिकून खेळला त्यो."

बाबांना आधी नीट कळलं नाही. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मंग त्याला तिकडं धाडलं कोनी?"

पारावर अख्खी टीम बसली होती. सगळे पुन्हा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले.